औषधालाही गंज नको

समुद्राच्या ऐन पोटात एक किल्ला होता. त्याचं नाव पोवळगड. चारी बाजूंना निळंशार पाणी, पाण्यावर पांढरीशुभ्र फेसाची झालर, आणि तटावर लाट आपटली की उडणारे इवले इवले तुषार. उन्हाची तिरीप आली की त्या तुषारांत सात रंग चमकायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय बाई मजेत राहत असतील इथली माणसं! पण बाळांनो, त्या तुषारांत मीठ होतं, आणि मीठ म्हणजे लोखंडाचा हाडवैरी. आज घासून लख्ख केलेली तलवार दोन दिवस विसरा, तिसऱ्या दिवशी तिच्यावर तांबडे ठिपके उठलेच म्हणून समजा.

त्या किल्ल्यावर सगुणी राहायची. चिमुकली, सावळीशी, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची. तिचे बाबा, सिदोबा, किल्ल्यावरचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, त्यांचा गंज काढणारा माणूस. सैनिकांच्या तलवारी, भाले, शिरस्त्राणं सगळं त्यांच्याच घरात यायचं. आणि यायची ती चिलखतं! चिलखत म्हणजे लोखंडाच्या बारीक बारीक कड्या एकीत एक गुंफून केलेला अंगरखा. तो अंगात असला की बाण अडतो, भाला अडतो. पण एक कडी जरी गंजली, तरी ती तुटते. आणि कडी तुटली की तिथून बाण आत शिरतो. हे सगुणीला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं.

गंज काढायची त्यांची तऱ्हा मोठी गमतीची होती. चिलखत कातड्याच्या पिशवीत घालायचं, वर कोरडी वाळू ओतायची, कोकमाच्या आंबट पाण्याचा एक हबका मारायचा, पिशवीचं तोंड आवळायचं, आणि एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला सगुणी, अशी दोघं ती हिंदळत बसायची. खळ्ळ, खुळ्ळ. खळ्ळ, खुळ्ळ. वाळू कड्याकड्यांतून फिरायची आणि गंज खरवडून काढायची. मग चिलखत झटकायचं, उन्हात तापवायचं आणि कोंबडीच्या पिसाने कडीकडीला मेणतेल लावायचं. मेणतेल लागलं की समुद्राने कितीही थुंकावं, लोखंडाला काही होत नसे.

हे मेणतेल करायची सगुणीची आई. ती होती घाटावरची. किनाऱ्यावरची माणसं ज्या भांड्याला टोप म्हणतात, त्याला ती म्हणायची गंज. लग्नात तिने माहेराहून पितळेचा एक गंज आणला होता, पिवळाधमक, बुडाशी गोल गरगरीत. त्याच्या आत तिने खिळ्याने दोन रेघा ओरखडल्या होत्या. खालच्या रेघेपर्यंत उंडीच्या बियांचं तेल ओतायचं, मग मेण टाकत जायचं, आणि विरघळत विरघळत ते वरच्या रेघेला टेकलं की गंज खाली उतरवायचा. बस्स. ना वजन, ना माप.

शेजारच्या बायजाकाकू तिला चिडवायच्या, “अगो, शिकलगाराच्या घरात कुणी गंज ठेवतं का?”

आई हसायची. “ठेवतं तर! तुमच्या लोखंडाचा गंज माझा हा गंजच घालवतो. गंजाला गंज भारी, काकू!”

हा विनोद त्या घरात रोज व्हायचा, आणि रोज सगळे हसायचे. एकदा रांगत्या सगुणीने तो गंज चुलीपाशी लोटून दिला आणि त्याच्या काठाला बोटभर पोचा पडला. आईने तो ठोकून घेतला नाही. म्हणाली, “राहू दे. माझ्या लेकीची सही आहे ती.”

आणि मग एका थंडीत आई तापाने गेली. घरात तिची म्हणावी अशी वस्तू तो गंजच काय ती उरली. सगुणी रोज तो घासायची, त्या पोच्यात बोट ठेवायची, आणि रेघ बघून तेल ओतायची.

ह्या वर्षी मात्र सगळंच बिनसलं. पावसाळाभर समुद्र बंद होता, जहाजं ओढून ठेवली होती, आणि चिलखतं कोठारात पडून होती. दमट हवेत ती तांबडीलाल झाली. त्यात बाबांच्या हातांना वाताने धरलं. बोटं सुजली, मूठ मिटेना, पिशवीचं टोक हातात राहीना. दुष्काळात तेरावा महिना! नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, आणि शत्रूची गलबतं खाडीच्या तोंडाशी आल्याची बातमी आली. उद्या सकाळच्या ओहोटीला जहाजं सुटणार. चिलखतांचा ढीग घरात तसाच पडलेला.

“जहाजं थांबायची नाहीत, चिमणे,” शेजारचा हैबतीदादा म्हणाला. तो बायजाकाकूंचा एकुलता एक मुलगा, नुकती मिसरूड फुटलेला, आणि यंदा पहिल्यांदाच मोहिमेवर निघालेला. “झाली तर झाली साफ. नाहीतर घालीन तसंच तांबडं चिलखत. शत्रू म्हणेल, बघा, नवरदेव कुंकू लावून आला!”

त्याच्या बोलण्यावर तो एकटाच हसला. बायजाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

तेल संपत आलं होतं म्हणून ती त्याच सकाळी टोपली घेऊन किल्ल्याच्या पश्चिमेला गेली. तिथे बुरुजाखाली उंडीच्या झाडांची छोटीशी राई होती. हिरवीगार तुकतुकीत पानं, पानांआड पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि प्रत्येक फुलाच्या पोटात सोनेरी केसरांचा इवलासा गोंडा. खाली पडलेली गोल गोल फळं वेचायची, त्यांच्या बियांचं तेल गाळायचं. सगुणी वेचायला बसली, तोच तिला कुणीतरी मुसमुसताना ऐकू आलं.

पानाआड एक परी होती! एवढीश्शी, सगुणीच्या करंगळीपेक्षा थोडी मोठी. अंगात उंडीच्या पाकळीचा पांढरा झगा, केसांत केशरी परागांची पूड, पाठीवर मोतिया रंगाचे झुळझुळीत दोन पंख. पण पंख हलत नव्हते. वाऱ्याने लाटेचे तुषार त्यांच्यावर उडाले होते, वाळले होते, आणि मिठाच्या बारीक बारीक खड्यांनी ते पाठीला चिकटून बसले होते.

“ओढू नको हं,” सगुणी हळूच म्हणाली. “ओढलं तर फाटतील. थांब, मला येतं हे.”

तिच्या कनवटीला शिंपल्यात मेणतेलाचा शेवटचा थेंब होता. वाटेत एखाद्या तलवारीला लावता येईल म्हणून ठेवलेला. तिने तो उन्हात धरून पातळ केला, पिसाचं टोक त्यात बुडवलं, आणि चिलखताची कडी पुसावी तशी पंखाची एकेक शीर अलगद पुसत गेली. मीठ सुटलं. पंख थरथरले, उघडले, आणि त्यांतून गुलाबी, पोपटी, आकाशी अशा रंगांच्या ठिणग्या उडाल्या.

“किती मऊ हात गं तुझे!” परी म्हणाली. “सगुणे, तुझं नाव पानं रोज घेतात, म्हणून ठाऊक आहे मला. ही दोन फुलं घे. एकेक फूल ओंजळीत धरून एकेक मागणं माग. पण माझे नेम नीट ऐक बरं का. माणसाच्या अंगाला माझी जादू लागत नाही.”

सगुणी बाबांच्या हातांचंच मागणार होती. तिने ओठ मिटले.

“सूर्य बुडाला की फुलं मिटतील, मग मागणं नाही. आणि तोंडातून सुटलेला शब्द मला परत घेता येत नाही. जे ज्या शब्दाने गेलं, ते परत बोलवायचं तर त्याच शब्दाने बोलवावं लागतं.” परीचा आवाज जरा बारीक झाला. “आणि शेवटचा नेम सगळ्यांत अवघड आहे. मी शब्द ऐकते, सगुणे. मन ऐकत नाही. आम्हा पऱ्यांना ते येत नाही. तेव्हा बोलशील ते तोलून बोल.”

आता तुम्ही म्हणाल, थांबावं की नाही पोरीने? चार श्वास घ्यावेत, शब्द जिभेवर फिरवून बघावा? अहो, पण घरात तो ढीग, बाबांची ती बोटं, हैबतीदादाचं ते हसणं! तिला कुठला दम निघायला! तिने फूल ओंजळीत धरलं, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली,

“परीताई, आमच्या घरात औषधालासुद्धा गंज ठेवू नकोस!”

परीने तिच्याकडे पाहिलं. काही विचारावं असं तिला वाटलं असेल की नाही, कुणास ठाऊक. फुलातून सोनेरी धुरळा उडाला, वाऱ्यावर गिरक्या घेत घराकडे गेला, आणि ओंजळीत नुसतं देठ राहिलं.

सगुणी धावत सुटली. टोपली तिथेच राहिली. उंबऱ्यावरून आत पाहते तो काय, घर नुसतं लखलखत होतं! चिलखतांचा ढीग रुपेरी झाला होता, कडीन् कडी चांदणीगत चमकत होती, तलवारींत आढ्याचे वासे दिसत होते. सुंठीवाचून खोकला गेला! ती टाळ्या पिटत नाचली.

पण बाबा ढिगाकडे बघतच नव्हते. ते चुलीपाशी उभे होते आणि फडताळावर, कोनाड्यात, लाकडांमागे काहीतरी शोधत होते.

“सगुणे,” ते म्हणाले, “गंज कुठाय गं?”

“गेला, बाबा! सगळाच्या सगळा गेला! बघा ना!”

“अगं तो नव्हे. आपला गंज. आईचा.”

सगुणीचे हात टाळीतच थांबले. चुलीवर राखेत गोल ठसा होता, भांडं ठेवून ठेवून पडलेला. वर काहीच नव्हतं.

गंजाला गंज भारी, काकू! रोज ऐकलेला विनोद, रोज हसलेली ती. आणि नेमक्या त्या क्षणी तो आठवू नये? त्या अख्ख्या किल्ल्यावर भांड्याला गंज म्हणणारं एकच घर होतं, आणि परीने त्याच घरातला गंज औषधालाही ठेवला नव्हता. सगुणी मटकन खाली बसली आणि राखेतल्या त्या ठशावर हात ठेवून हमसाहमशी रडली. रडत रडत तिने सगळं सांगितलं, परीचं, फुलांचं, नेमांचं आणि स्वतःच्या घाईचं.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. तिच्याजवळ बसले आणि सुजलेल्या बोटांनी तिची वेणी चाचपत राहिले.

“शब्द आईचाच तो,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडात तोच येणार, बाळा. दुसरा कुठून येईल?”

मग ते उठले. कारण आणखी एक गोष्ट त्यांना दिसत होती आणि सगुणीला अजून दिसली नव्हती. चिलखतं लख्ख होती, पण उघडी होती. गंज गेला होता, खारा वारा कुठे गेला होता? मेणतेल लावल्यावाचून ती जहाजावर गेली, तर शत्रू दिसेपर्यंत पुन्हा तांबडी होणार. आणि घासून घासून कड्या आधीच बारीक झालेल्या.

बायजाकाकूंनी आपला तांब्याचा टोप आणून दिला. उरल्यासुरल्या तेलातलं थोडं त्यात ओतलं. पण किती? मेण किती? बाबांनी आयुष्यभर मेणतेल लावलं होतं, केलं कधीच नव्हतं. करायची आई. तिच्यामागे सगुणी करायची, ती रेघ बघून. पहिल्या खेपेला मेण जास्त झालं. गार झाल्यावर ते कड्यांवरून खपल्या खपल्या होऊन पडलं. दुसऱ्या खेपेला कमी झालं. ते पाण्यासारखं ओघळून जमिनीवर सांडलं. आता तेलाच्या बुधल्याच्या बुडाशी एकाच खेपेपुरतं तेल राहिलं. हीही खेप फसली, तर उद्या हैबतीदादा आणि त्याचे सोबती उघड्या लोखंडानिशी निघणार.

बायजाकाकू दारात बसून तांदूळ निवडत राहिल्या, निवडलेले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत.

सगुणीच्या ओच्यात दुसरं फूल होतं. सूर्य पश्चिमेला कलला होता. ती उठली, बायजाकाकूंचा टोप काखेला मारला आणि राईकडे निघाली.

राई संध्याकाळच्या उन्हात केशरी झाली होती. परी उंडीच्या फांदीवर झोका घेत होती. सगुणीला बघताच ती झुळकन खाली आली.

“का गं? गंज नाही का गेला?”

“गेला,” सगुणी म्हणाली. “दोन्ही गेले.”

तिने सांगितलं तेव्हा परीचे पंख मंद झाले. “मला एकच शब्द ऐकू आला,” ती म्हणाली. “त्या शब्दाचं जे जे घरात होतं, ते ते मी नेलं. सगुणे, मला कळलंच नाही गं.”

“आता परत मागू का?”

“माग की. ‘गंज परत दे’ म्हण. क्षणात चुलीवर येईल तुझ्या आईचा गंज, पोच्यासकट. पण गेला त्याच शब्दाने यायचा ना तो? मग दुसराही येईल. चिलखतांवर, तलवारींवर, होता तसाच, कडीकडीला.”

सगुणीने फूल ओंजळीत धरलं. आईचा गंज! तो पिवळाधमक काठ, तो पोचा, त्यात बरोब्बर बसणारं तिचं बोट. एक शब्द उच्चारला की झालं. आणि बाबा किती वेळ त्या कोनाड्यात बघत राहिले होते! पण तो शब्द उच्चारला की हैबतीदादाचं चिलखत पुन्हा तांबडंलाल. रात्रभरात पिशवी कोण हिंदळणार? बाबांचे हात तर मिटत नव्हते.

समुद्रावर सूर्य टेकत आला. फुलाच्या पाकळ्या कडेने आवळायला लागल्या.

ह्या वेळी सगुणीने घाई केली नाही. शब्द एकेक करून जिभेवर घेतला, उलटासुलटा करून बघितला, त्याला दुसरा कुठला अर्थ चिकटलेला नाही ना ते पाहिलं. तो एक शब्द तर तिने ओठांजवळसुद्धा येऊ दिला नाही. टोप पुढे ठेवला आणि अगदी सावकाश म्हणाली,

“परीताई, माझी आई मेणतेल करताना तेल जिथवर ओतायची, तिथे ह्या टोपात एक रेघ उमटू दे. आणि मेण विरघळून जिथवर यायचं, तिथे दुसरी. ह्या टोपाच्या मापाने. एवढंच.”

एवढंच, म्हणाली ती. आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, कारण आईचा गंज आता कायमचा गेला होता आणि तो तिनेच घालवला होता. त्याबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही.

परी तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की फांदीवरची पाखरंसुद्धा गप्प झाली. मग ती उडून सगुणीच्या गालाशी आली आणि तिने तिथलं आसू आपल्या झग्याच्या टोकाने टिपून घेतलं.

“सगुणे,” ती कुजबुजली, “आज मला काहीतरी ऐकू आलं. तू बोलली नाहीस ते.”

आणि काय सांगू तुम्हाला! फुलातून एक सोनेरी ज्योत उठली. तिने परीला वेढलं. झगा उजळला, केस उजळले, पंखांतून मोतिया, गुलाबी, आकाशी उजेडाच्या लाटाच लाटा फुटल्या. सगळी राई आतून दिवा लावल्यागत झाली, पान न् पान, फूल न् फूल. मग सूर्य बुडाला आणि परीही त्या उजेडात विरून गेली. सगुणीच्या ओंजळीत मिटलेलं पांढरं फूल होतं.

ती टोप घेऊन घरी आली. बाबांनी दिव्याशी धरून आत पाहिलं. तांब्यात सोन्याच्या तारेसारख्या दोन रेघा उमटल्या होत्या. बाबांचे डोळे भरून आले, पण वेळ नव्हता. तेल ओतलं, ते खालच्या रेघेला बरोब्बर पुरलं. मेण टाकलं. वितळत, बुडबुडत, मधासारखा वास दरवळवत ते वर चढलं आणि वरच्या रेघेला टेकलं. तोच वास! आईच्या पदराचा. सगुणी धावत जाऊन फडकी घेऊन आली.

बाबांनी टोप उतरवायला काठाला हात घातला आणि ते थबकले. त्यांचा अंगठा काठावरून मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला.

“सगुणे, इकडे ये. हे तू मागितलं होतंस?”

काठावर बोटभर पोचा होता. सकाळी बायजाकाकूंनी टोप दिला तेव्हा तो काठ सरळ सपाट होता. सगुणीने बोट ठेवलं. बोट बरोब्बर बसलं.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “हे मी नव्हतं मागितलं.”

मग बायजाकाकू आल्या, हैबतीदादा आला, त्याचे सोबती आले. जो तो पीस घेऊन बसला आणि आपापलं चिलखत पुसायला लागला. बाबा फिरून फिरून दाखवत होते, इथे राहिलं, काखेतल्या कड्या विसरू नका, मानेपाशी दोनदा फिरवा. सकाळच्या ओहोटीला जहाजं निघाली तेव्हा चिलखतांवर मेणतेलाची मंद झळाळी होती. लाटांनी तुषार उडवले. ते कड्यांवरून मोत्यांसारखे घरंगळून गेले.

हैबतीदादा परत आला तो थंडीच्या तोंडाशी. छातीवर भाल्याचा घाव बसला होता, चिलखताला लांबलचक ओरखडा उठला होता, पण एक कडीसुद्धा तुटली नव्हती. बायजाकाकूंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग सगुणीवरूनही ओवाळला. “टोप आता तुझाच गो,” त्या म्हणाल्या. “त्यात भात शिजवायचं धाडस मला नाही व्हायचं.”

पुढे थंडीच्या कोरड्या हवेत बाबांची बोटं थोडी मोकळी झाली. पोवळगडाच्या चिलखतांना पुन्हा कधी गंज चढला नाही, आणि सगुणी मोठी होऊन नावाजलेली शिकलगारीण झाली. उंडीला बहर आला की ती राईत जाई, पानाआड बघे. परी पुन्हा दिसली नाही. तो पितळेचा पिवळाधमक गंजही पुन्हा दिसला नाही. कधी कधी मेणतेल ढवळता ढवळता तिचा हात थांबे. एक श्वास घेतला असता, एक शब्द वेगळा बोलले असते, असं तिला वाटे. ते वाटणं काही शेवटपर्यंत गेलं नाही.

असो. समुद्राचं मीठ समुद्रात राहो, आणि ऐकणाऱ्यांच्या जिभेवर शब्द तोलून येवो.

त्या घरात मात्र एक रीत पडली ती पडलीच. पावसाळा सरला, हत्यारं बाहेर निघाली की बाबा ओसरीवरून हाक मारायचे, “सगुणे, गंज काढ गं!”

सगुणी लगेच हलायची नाही. ती आधी विचारायची, “कुठला, बाबा?”

बाबा जरासे थांबायचे.

“आईचा गं,” ते म्हणायचे. आणि सगुणी फडताळावरून बायजाकाकूंचा तांब्याचा टोप काढायची.